चाहूल आणि वर्गवारी : माहिती तंत्रज्ञान सेवांवरील देखरेखीच्या प्रशिक्षणाची समीक्षा

महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीसंबंधी जो निर्णय काढला, त्यामुळे पदवी अभ्यासक्रमात व्यावसायिक कौशल्य अभ्यासक्रम, कौशल्यवृद्धी अभ्यासक्रम आणि कार्यांतर्गत प्रशिक्षण यांना श्रेयांकांसह अधिकृत स्थान मिळाले. संगणकशास्त्राच्या विभागांपुढे त्यामुळे एक नवाच प्रश्न उभा राहिला. हे श्रेयांक कोणत्या कौशल्याने भरावयाचे? संगणक भाषा व प्रणाली-विकास हे विषय पूर्वीपासून शिकविले जात होते. परंतु आपल्या पदवीधरांपैकी अनेकांना पहिली नोकरी मिळते ती प्रणाली लिहिण्याची नव्हे, तर चालू असलेल्या प्रणालीवर लक्ष ठेवण्याची. सोलापूरच्या सात रस्ता परिसरातील महाविद्यालयातून बी.एस्सी. (ई.सी.एस.) वा बी.सी.ए. होऊन पुण्याच्या हिंजवडीला गेलेला विद्यार्थी रात्रपाळीत एका पडद्यासमोर बसतो. त्या पडद्यावर दूरदेशीच्या एखाद्या बँकेचे वा विमा कंपनीचे संगणक हिरव्या-पिवळ्या-तांबड्या ठिपक्यांच्या रूपाने दिसत असतात, आणि ठिपक्याचा रंग बदलला की काय करावयाचे हे त्याला शिकविलेले असते. या कामाला व्यवसायाच्या परिभाषेत 'मॉनिटरिंग अँड इव्हेंट मॅनेजमेंट' असे म्हणतात. त्याचे प्रशिक्षण देणारे, त्याची परीक्षा घेणारे व त्याचे प्रमाणपत्र विकणारे एक जागतिक क्षेत्र उभे आहे. हे प्रशिक्षण जसेच्या तसे उचलून महाविद्यालयात आणावे काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या प्रशिक्षणाचा आधारभूत ग्रंथसमूह म्हणजे 'आयटिल'. ब्रिटिश शासनाच्या केंद्रीय संगणक व दूरसंचार संस्थेने १९८० च्या दशकात सरकारी कार्यालयांतील संगणक सेवांचा कारभार सुरळीत व्हावा म्हणून जे मार्गदर्शन संकलित करण्यास आरंभ केला, त्यातून हा समूह निर्माण झाला. २००७ मध्ये त्याची तिसरी आवृत्ती प्रसिद्ध झाली. सेवांच्या दैनंदिन संचालनावरील तिच्यातील पुस्तकात 'इव्हेंट मॅनेजमेंट' ही स्वतंत्र प्रक्रिया म्हणून मांडली गेली. २०१९ मध्ये 'आयटिल ४' आले, 'प्रक्रिया' या शब्दाची जागा 'प्रॅक्टिस' या शब्दाने घेतली आणि नावात 'मॉनिटरिंग' हा शब्द जोडला गेला. सरकारी मार्गदर्शन म्हणून जन्मलेल्या या ग्रंथसमूहाची मालकी २०१३ मध्ये शासन व एक खासगी कंपनी यांच्या संयुक्त संस्थेकडे गेली आणि २०२१ मध्ये ती 'पीपलसर्ट' या परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या हाती आली. ग्रंथाचा प्रकाशक व परीक्षेचा संचालक एकच असणे ही गोष्ट आपल्याकडील मार्गदर्शिका-संस्कृतीशी परिचित असलेल्या प्राध्यापकांना फारशी विस्मयकारक वाटू नये. मात्र तिचे परिणाम अभ्यासक्रमावर होतात, हे ध्यानात ठेवले पाहिजे. २०२३ पासून या प्रमाणपत्रांना तीन वर्षांची मुदतही आली.

प्रथम गुणांचा निर्देश करणे न्यायाचे ठरेल. या मांडणीने एक मोठे काम केले. पूर्वी संगणक बंद पडला की धावाधाव होत असे आणि चालू असला की त्याच्याकडे कोणी पाहत नसे. सेवेच्या स्थितीत होणारा प्रत्येक अर्थपूर्ण बदल ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे, बिघाड होण्यापूर्वी त्याची लक्षणे दिसतात, आणि ती पाहण्याचे काम योगायोगावर न सोडता कोणाकडे तरी नेमून दिले पाहिजे, हा विचार आयटिलने रुजविला. नोंदींची माहितीपर, इशारादर्शक व अपवादात्मक अशी त्रिविध वर्गवारीही नवशिक्याला उपयुक्त आहे. कोणी वापरकर्ता प्रणालीत शिरला, ही माहिती होय. साठवणक्षमता भरत आली, हा इशारा होय. सेवा प्रतिसाद देईनाशी झाली, हा अपवाद होय. ज्याने पूर्वी असा पडदा पाहिलेला नाही, त्याला या तीन खणांमुळे निदान उभे राहण्यापुरती जागा मिळते.

अडचण यापुढे सुरू होते. आयटिल ४ च्या पायाभूत परीक्षेत ६० मिनिटांत ४० बहुपर्यायी प्रश्न सोडवावयाचे असतात व २६ बरोबर आले की उमेदवार उत्तीर्ण होतो. या परीक्षेच्या अभ्यासक्रमात सात 'प्रॅक्टिस' तपशिलाने समजून घ्यावयाच्या असतात. बिघाडाचे निवारण त्यांत आहे, मदतकक्ष आहे. देखरेख मात्र त्या सातांत नाही, तिचा केवळ उद्देश स्मरणात ठेवणे पुरेसे मानले आहे. पुढील पातळीवरील 'मॉनिटर, सपोर्ट अँड फुलफिल' या पाठ्यक्रमात तिला न्याय मिळतो हे खरे. परंतु पहिल्या नोकरीच्या उंबरठ्यावरील आपला विद्यार्थी सामान्यतः पायाभूत प्रमाणपत्रापाशीच थांबतो, आणि त्याला नोकरी मिळते ती नेमकी देखरेखीची. ज्या कामावर त्याला बसविले जाणार, त्याची एक व्याख्या तेवढी त्याला पाठ असते.

व्याख्येचा प्रश्न निघालाच आहे, तर भाषेचाही विचार केला पाहिजे. आपल्याकडे हा विषय इंग्रजी पाठ्यसामग्रीतून व मराठी बोलण्यातून शिकविला जातो. 'इव्हेंट' व 'इन्सिडेंट' या दोन्ही शब्दांना मराठीत सहजपणे 'घटना' म्हटले जाते आणि जो भेद संपूर्ण विषयाचा कणा आहे, तो वर्गातच नाहीसा होतो. वस्तुतः मराठीत हा भेद व्यक्त करण्याची उत्तम सोय आहे. स्थितीतील अर्थपूर्ण बदलाला 'घडामोड' म्हणता येईल, सेवेत प्रत्यक्ष पडलेल्या खंडाला 'व्यत्यय' वा 'बिघाड', आणि माणसाचे लक्ष वेधण्यासाठी पाठविलेल्या संदेशाला 'इशारा'. याखेरीज मराठीत आणखी एक शब्द आहे, ज्याला आयटिलच्या शब्दावलीत तोड नाही. तो म्हणजे 'चाहूल'. अद्याप जे दृष्टीस पडलेले नाही, ज्याने कोणतीही मर्यादा ओलांडलेली नाही, परंतु ज्याच्या येण्याची जाणीव सरावलेल्या कानाला होते, ती चाहूल. वर्गवारीत बसण्यापूर्वीची ही अवस्था होय. अनुभवी देखरेखकर्ता आणि नवखा यांच्यातील अंतर मोजावयाचे झाल्यास ते येथेच मोजावे लागेल, आणि प्रचलित प्रशिक्षणात नेमक्या याच गोष्टीला स्थान नाही.

वर्गवारीची मर्यादा दाखविण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. या क्षेत्रातील एक सर्वपरिचित साधन 'नॅगिऑस' हे होय. ते एथन गॅल्स्टॅड यांनी १९९९ मध्ये 'नेटसेंट' या नावाने प्रसिद्ध केले व पुढे त्याचे नामांतर झाले. हे साधन मोफत उपलब्ध असल्याने महाविद्यालयीन प्रयोगशाळेतही चालविता येते. त्यात तपासणीची चार उत्तरे संभवतात : ठीक, इशारा, गंभीर आणि अज्ञात. चौथे उत्तर लक्षणीय आहे. तपासणी करावयास गेलो, पण सांगण्याजोगे काही हाती लागले नाही, अशी ती कबुली आहे. आयटिलच्या त्रिविध वर्गवारीत या कबुलीला स्वतःचा खण नाही. कुशल माणूस अज्ञात स्थितीला अपवादात जमा करील आणि ते योग्यही ठरेल. परंतु तीन खण पाठ केलेला विद्यार्थी पडद्यावर करड्या वा नारिंगी रंगाचा 'अज्ञात' ठिपका पाहून तो तांबडा नाही एवढ्यावर समाधान मानण्याचा संभव अधिक. साधन बनविणाऱ्याने जे अज्ञान प्रांजळपणे नोंदले, ते प्रशिक्षण देणाऱ्याने अभ्यासक्रमातून वगळावे, हा प्रकार मला या क्षेत्रातील सर्वांत गंभीर दोष वाटतो. त्याचा थोडा विस्तार करणे आवश्यक आहे.

सात रस्त्याच्या लगतच रेल्वे लाइन्सचा परिसर आहे. रेल्वेच्या सिग्नल-व्यवस्थेत ट्रॅक सर्किट नावाची एक जुनी व अत्यंत साधी योजना असते. रुळांच्या एका टप्प्यातून अल्प दाबाचा विद्युत्प्रवाह सोडलेला असतो आणि तो दुसऱ्या टोकाच्या रिलेला उचलून धरतो. गाडीची चाके त्या टप्प्यात आली की प्रवाह त्यांच्यातूनच वळतो, रिले खाली पडतो आणि सिग्नल लाल होतो. या योजनेचे मर्म पुढेच आहे. रूळ तडकला, तार सुटली अथवा बॅटरी संपली, तरीही रिले खालीच पडतो आणि सिग्नल लालच होतो. म्हणजे येथे संदेश येणे ही सुरक्षिततेची खूण आहे आणि संदेश थांबणे हा धोका आहे. संगणक सेवांवरील देखरेखीची सामान्य रचना याच्या नेमकी उलट असते. तेथे संदेश येणे हा धोका आणि शांतता ही सुरक्षितता मानली जाते. मग खुद्द देखरेख करणारी यंत्रणाच बंद पडली तर काय होईल? पडदा शांत राहील, ठिपके हिरवे राहतील, आणि पाळीवरचा माणूस निश्चिंत राहील.

हे केवळ तर्कापुरते नाही, याचे उदाहरण वीजक्षेत्रात सापडते. सोलापूरच्या वाचकांना वीजजाळ्याचा विषय परका नाही. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर या ७६५ केव्ही वाहिनीमुळेच दक्षिणेकडील जाळे उर्वरित देशाशी समकालिक झाले आणि सारा देश ५० हर्ट्झच्या एकाच वारंवारतेवर चालू लागला. एवढे मोठे जाळे एकत्र स्पंदन पावते तेव्हा एका ठिकाणचा धक्का दूरवर जाणवतो, आणि म्हणूनच त्यावरील देखरेख हा जीवनमरणाचा प्रश्न होतो. अमेरिकेच्या ओहायो राज्यातील एका वीज कंपनीच्या नियंत्रणकक्षात १४ ऑगस्ट २००३ रोजी दुपारी २ वाजून १४ मिनिटांनी इशारे देणारी संगणक-प्रणाली एका सुप्त दोषामुळे थबकली. ती बंद पडल्याचे कोणालाही कळले नाही, कारण ती बंद पडल्याचे सांगण्याचे काम तिच्याकडेच होते. पुढे २.४१ ला तिचा मुख्य संगणक बंद पडला व २.५४ ला राखीवही. संगणक विभागाच्या कर्मचाऱ्यांना त्याचा स्वयंचलित संदेश मिळाला, त्यांनी ३.०८ पर्यंत मुख्य संगणक पुन्हा सुरू केला आणि काम झाले असे मानले. इशारे पुन्हा येऊ लागले काय, हे त्यांनी नियंत्रणकक्षाला विचारले नाही. दरम्यान शेजारच्या कंपनीकडून एक वाहिनी तुटल्याची दूरध्वनीवरून विचारणा झाली, परंतु आपल्या पडद्यावर तसे काही दिसत नाही म्हणून ती मनावर घेतली गेली नाही. कक्षातील माणसांना आपण आंधळे झालो आहोत हे उमगले, तेव्हा सुमारे दीड तास उलटला होता. त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत जाळे कोसळले आणि अमेरिका व कॅनडातील सुमारे ५ कोटी लोक अंधारात गेले.

आता या प्रसंगाला प्रशिक्षणाची कसोटी लावून पाहावी. संगणक विभागातील माणसांनी प्रमाणपत्राच्या दृष्टीने काहीच चुकीचे केले नाही. अपवादात्मक घडामोड नोंदली गेली, जबाबदार गटाकडे गेली, उपाय झाला, प्रकरण बंद झाले. उणीव राहिली ती एका फोनची : "तुम्हांला आता दिसते आहे ना?" हे वाक्य कोणत्या खणात बसवावयाचे, हे वर्गवारी शिकवीत नाही. तसेच शेजारून आलेल्या दूरध्वनीचे. तो यंत्रातून आलेला नसल्याने त्याला 'घडामोडी'चा दर्जाच मिळाला नाही, आणि खरी चाहूल तर तीच होती. आधुनिक साधनांत या धोक्यावर उपाय योजलेला असतो. 'प्रोमिथियस' या साधनाच्या वापरात एक इशारा मुद्दाम सतत वाजता ठेवण्याचा प्रघात आहे. तो पलीकडे पोहोचत राहिला तर यंत्रणा जिवंत आहे, आणि थांबला तर कोणीतरी उठून पाहावे. गावाच्या वेशीत गस्त घालणाऱ्याने प्रहरा-प्रहराला आरोळी द्यावयाची, ती चोराला भिवविण्यासाठी जितकी, तितकीच झोपलेल्या गावाला पहारा शाबूत असल्याचे कळावे म्हणून. आरोळी आली नाही, तर जाणता मनुष्य अंथरुणात उठून बसतो.

शांततेच्या विरुद्ध टोकाला कल्लोळ आहे. त्याविषयी प्रशिक्षण-साहित्य बरेच जागरूक आहे, म्हणून येथे थोडक्यात लिहितो. वेल्समधील मिलफर्ड हेवन येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात २४ जुलै १९९४ रोजी स्फोट झाला. त्यापूर्वीच्या सुमारे ११ मिनिटांत तेथील दोघा कर्मचाऱ्यांपुढे २७५ इशारे वाजले होते. १९९९ मध्ये इंग्लंडमधील अभियांत्रिकी उपकरणे वापरणाऱ्यांच्या संघटनेने जी मार्गदर्शिका काढली, तिने एका माणसाला दहा मिनिटांत साधारण एक इशारा झेपतो असे प्रमाण ठेवले. या दोन आकड्यांमधील अंतर विद्यार्थ्याला एकदा दाखविले की पुरे.

इशारा केव्हा वाजवावयाचा, हा प्रश्न मात्र आकड्यांनी सुटत नाही. साठवण ८० टक्के भरली की पिवळा व ९० टक्के भरली की तांबडा, असे नमुना-आकडे पाठ्यसामग्रीत असतात आणि विद्यार्थी ते निसर्गनियमासारखे पाठ करतात. वास्तविक प्रत्येक मर्यादा हा कोणीतरी घेतलेला निर्णय असतो, आणि तो स्थळकाळाशी बांधलेला असतो. पंढरपुरातील एखाद्या दूरसंचार मनोऱ्यावरील भाराचा विचार करावा. एखाद्या सामान्य मंगळवारी जो भार भयसूचक ठरेल, तोच आषाढी एकादशीला अगदी स्वाभाविक असेल. उलट एकादशीच्या दुपारी तो भार एकाएकी मंगळवारइतका खाली आला, तर पडदा हिरवा होईल आणि प्रत्यक्षात काहीतरी भयंकर घडलेले असेल. येथे 'सर्वसाधारण' म्हणजे काय, हे पंचांग पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. दूरदेशीच्या ग्राहकाच्या सेवेवर लक्ष ठेवणाऱ्या आपल्या पदवीधराला त्या ग्राहकाचे पंचांग कोणी शिकवीत नाही. त्याच्या देशात पगार कोणत्या दिवशी होतो, करभरणा कोणत्या महिन्यात असतो, सणाची खरेदी केव्हा असते, हे त्याने हळूहळू टिपून घ्यावयाचे असते. चाहूल घेण्याची क्षमता अशा ज्ञानातूनच येते. मानव्यविद्यांचे प्राध्यापक तंत्रशिक्षणाकडे अंतर राखून पाहतात, परंतु या कामाचा गाभा परक्या समाजाचे जीवन समजून घेण्याशी निगडित आहे, हे त्यांनी अवश्य विचारात घ्यावे.

आता अधिकाराचा प्रश्न. अमेरिकेतील 'टार्गेट' या विक्रीसंस्थेच्या संगणक-जाळ्यात २०१३ च्या नोव्हेंबरअखेरीस चोरांनी शिरकाव केला. बसविलेल्या संरक्षक साधनाने तो ओळखला. बंगळूर येथे देखरेखीस बसलेल्या चमूने इशारा पाहिला आणि नियमानुसार मिनियापोलिस येथील सुरक्षाकक्षाला कळविले. तेथे त्यावर काही झाले नाही. सुमारे ४ कोटी ग्राहकांच्या कार्डांचे तपशील चोरीस गेले. बंगळूरच्या चमूचे काम पाठ्यपुस्तकाबरहुकूम झाले होते. त्यांनी पाहिले, वर्गवारी केली, वर कळविले. त्यापुढे जाऊन 'हे थांबवा' म्हणण्याचा अधिकार त्यांच्या आसनाला जोडलेला नव्हता. भारतीय माहिती तंत्रज्ञान क्षेत्राच्या एका मोठ्या भागाची रचना या एका प्रसंगात प्रतिबिंबित झाली आहे : डोळे येथे आणि हात तेथे. आपण महाविद्यालयात जे प्रशिक्षण देऊ इच्छितो, ते केवळ डोळ्यांचे असावे काय, हा प्रश्न यातूनच उद्भवतो.

अधिकार जवळ असला तरी तो वापरण्याचे धैर्य व नियम लागतात, हे मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात २४ फेब्रुवारी २०२१ रोजी दिसून आले. दोन दूरसंचार कंपन्यांच्या वाहिन्या अस्थिर झाल्या. त्यामुळे साठवण-यंत्रणा व पाठोपाठ जोखीम-नियंत्रण प्रणाली अनुपलब्ध झाली आणि सकाळी ११.४० च्या सुमारास व्यवहार थांबवावे लागले. ते पुन्हा सुरू झाले दुपारी ३.४५ ला, व त्यासाठी बाजाराची वेळ ५ पर्यंत वाढवावी लागली. रस्त्यावरील खोदकाम व बांधकामामुळे वाहिन्यांना बाधा पोहोचली, असे पुढे सांगण्यात आले. दोन कंपन्यांच्या वाहिन्या घेतल्याने दुहेरी सुरक्षितता लाभते हा समज कुदळीने खोटा पाडला, ही गोष्ट बोधक आहेच. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा निराळा आहे. आपत्तीसाठी राखून ठेवलेले पर्यायी केंद्र उपलब्ध असताना कामकाज तेथे का हलविले नाही, हा प्रश्न तेव्हा सर्वत्र विचारला गेला. 'सेबी'ने २२ मार्च २०२१ रोजी जे परिपत्रक काढले, त्याचा रोख या प्रश्नाकडेच आहे. महत्त्वाची प्रणाली विस्कळीत झाल्यापासून ३० मिनिटांच्या आत बाजारसंस्थेने ती 'आपत्ती' असल्याचे जाहीर करावे आणि त्यापुढील ४५ मिनिटांत पर्यायी व्यवस्था सुरू करावी, असे बंधन त्यात घातले आहे. यातील पहिला आकडा अधिक अर्थपूर्ण आहे. यंत्रांना किती वेळ लागेल हे दुसरा आकडा सांगतो. माणसांना नाव देण्यास किती वेळ लागू द्यावयाचा, हे पहिला सांगतो. 'थोडी वाट पाहू, येईल आपोआप' हा मोह प्रत्येक नियंत्रणकक्षात असतो, आणि नियामकाने त्यावर घड्याळ लावले. देखरेखीच्या कोणत्याही अभ्यासक्रमात हे परिपत्रक मूळातून वाचावयास लावले पाहिजे, असे माझे आग्रहाचे मत आहे. वर्गवारी ही निरुपद्रवी कारकुनी नसून परिणाम घडविणारी कृती आहे, हे त्यातून जितके स्पष्ट होते तितके शंभर बहुपर्यायी प्रश्नांतून होणार नाही.

हाच विचार आपल्या सामाजिक इतिहासाच्या संदर्भात मांडून पाहता येतो. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ मध्ये जो अहवाल सादर केला, त्यात गावच्या रखवालदाराच्या कर्तव्यांचे वर्णन आहे. रात्री गस्त घालणे, गावात येणाऱ्या-जाणाऱ्यावर लक्ष ठेवणे आणि गावातील प्रत्येक माणसाचा स्वभाव जाणून असणे, हे त्याचे काम. चोरी झाली तर त्याने माग काढावयाचा. माग शिवेपर्यंत जाऊन शेजारच्या गावात शिरला, तर त्या गावच्या रखवालदाराला तो दाखवून, पटवून त्याच्या स्वाधीन करावयाचा. मगच पहिला मोकळा होई आणि पुढील शोधाचे दायित्व दुसऱ्यावर येई. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथातही जागल्या-रामोशी यांच्या कामाची चर्चा आहे. माग सोपविण्याची ही रीत आणि आजच्या सेवा-व्यवस्थापनातील एका गटाकडून दुसऱ्या गटाकडे प्रकरण सोपविणे यांत रचनेचे साम्य आहे. फरक आहे तो 'पटवून' या एका शब्दाचा. संगणकीय प्रणालीत प्रकरण दुसऱ्या रांगेत ढकलले की पहिल्याच्या नावापुढील वेळेची मोजणी थांबते. पलीकडच्याला माग दिसला की नाही, हे पाहण्याची सक्ती त्याच्यावर नसते. ओहायोतील संगणक विभागाने न केलेला फोन आणि मिनियापोलिसला पोचूनही न पोचलेला इशारा, ही दोन्ही शिवेवर न पटविलेल्या मागाचीच उदाहरणे होत.

ही तुलना येथेच थांबविली पाहिजे, अन्यथा ती भूतकाळाचे उदात्तीकरण करील. गावगाड्यातील राखणीचे काम जन्माने लादलेले होते. ते करणाऱ्यांना गावाने मान दिला नाही, आणि चोरीचे खापर मात्र त्यांच्या माथी फोडले. पुढे वसाहतीच्या कायद्याने रामोशांसारख्या समूहांकडे संशयाने पाहिले. आजचा पदवीधर हे काम स्वेच्छेने घेतो, वेतन घेतो आणि सोडूनही जातो. तरीही एक अवशेष उरतोच : जो जागतो, तो उतरंडीत सर्वांत खाली असतो. कंपन्यांच्या परिभाषेत त्याला 'पहिली पातळी' म्हणतात, आणि त्या पातळीवरून लवकर वर जाणे हेच यश मानले जाते. परिणामी ज्या आसनावर सर्वांत अधिक अनुभवाची गरज आहे, तेथे सर्वांत कमी अनुभव बसलेला असतो. प्रमाणपत्राधिष्ठित प्रशिक्षणाने ही रचना निर्माण केली नाही, परंतु ते तिला सोयीचे ठरते. व्याख्या पाठ असलेला तरुण स्वस्तात आणि झटपट बदलता येतो. चाहूल ओळखणारा तसा बदलता येत नाही.

तेव्हा महाविद्यालयाने काय करावे? आयटिल टाळावे असे मी म्हणणार नाही. नोकरीच्या बाजारात ते प्रमाणपत्र विचारले जाते, आणि सोलापुरातून पुण्याला जाणाऱ्या विद्यार्थ्याला केवळ तत्त्वचर्चेच्या बळावर मुलाखत देता येत नाही. त्याची परिभाषा पंधरवड्यात शिकविता येते, ती शिकवावी. उरलेल्या वेळाचे काय, हा खरा प्रश्न आहे. दोन श्रेयांकांच्या प्रात्यक्षिक अभ्यासक्रमाला साठ तास मिळतात. ते साठ तास काल्पनिक कंपनीच्या काल्पनिक सर्व्हरवर खर्च करण्याऐवजी महाविद्यालयाच्या स्वतःच्या सेवांवर खर्च करता येतील. ग्रंथालयाची प्रणाली, प्रवेशाचे संकेतस्थळ, प्रयोगशाळेतील जाळे व इंटरनेटची वाहिनी ही प्रत्येक महाविद्यालयात असतात आणि प्रत्येक महाविद्यालयात अधूनमधून बंद पडतात. त्यांवर नॅगिऑस अथवा झॅबिक्स बसविण्यास एक जुना संगणक पुरतो. विद्यार्थ्यांनी मर्यादा स्वतः ठरवाव्यात आणि प्रत्येक आकड्यापुढे तो का ठरविला हे दोन वाक्यांत मराठीत वा इंग्रजीत लिहावे. प्रवेशाच्या शेवटच्या तारखेला, परीक्षा-अर्जांच्या आठवड्यात आणि मे महिन्याच्या सुटीत तेच आकडे कसे फसतात, हे त्यांना वर्षभरात दिसेलच.

मूल्यमापन हा यातील सर्वांत अवघड भाग आहे, आणि विद्यापीठीय चौकटीत तो कसा बसवावा याविषयी मतभेद होतील. माझी सूचना अशी की, प्रात्यक्षिक परीक्षेत परीक्षकाने एकदा तरी कोणतीही सेवा न बिघडविता केवळ देखरेखीची यंत्रणाच गुपचूप बंद करावी आणि विद्यार्थ्याला ते किती वेळात कळते हे पाहावे. दुसऱ्या वेळी सेवा बंद पाडून ती यंत्राने नव्हे, तर ग्रंथालयातील सेवकाने फोन करून कळवावी. विद्यार्थी त्या फोनची नोंद करतो, की पडदा हिरवा आहे असे सांगून तो ठेवून देतो, यावर गुण द्यावेत. तिसऱ्या वेळी पाळी बदलताना एक अर्धवट प्रकरण पुढच्या विद्यार्थ्याकडे सोपवावे, आणि गुण सोपविणाऱ्याला नव्हे, तर घेणाऱ्याला प्रश्न विचारून द्यावेत. अशा परीक्षेचे उत्तरपत्रिकेसारखे दस्तऐवज राहत नाहीत, बाह्य परीक्षकाला दोन तास अधिक बसावे लागते, आणि पुनर्मूल्यांकनाचा अर्ज आला तर दाखवावयाचे काय, हा प्रश्न अभ्यासमंडळाच्या बैठकीत निश्चित निघेल. त्यासाठी पाळीची नोंदवही हाच दस्तऐवज मानावा : कोणी, किती वाजता, काय पाहिले, काय समजले, कोणाला सांगितले आणि त्याला ते पटले काय. या शेवटच्या रकान्यात समोरच्याची स्वाक्षरी असावी.